तितिक्षा की उपेक्षा?

ज्या गोष्टी क्वचित घडतात त्यांजकडे मनुष्याचे लक्ष आपोआप जाते. ज्या नित्य घडतात त्यांचा विचार करावयाचा म्हणजे मनाला मुद्दाम ओढून आणावे लागते. ग्रहण लागले की सारे गाव अंगणात येऊन उभे राहते. सूर्य रोज उगवतो, त्याकडे पाहण्यास कोणास सवड नसते. नीतीच्या प्रश्नांचेही असेच होते. धर्मसंकट म्हटले म्हणजे कुरुक्षेत्रावर धनुष्य टाकून बसलेला अर्जुन किंवा स्मशानात पहारा करणारा हरिश्चंद्र आपल्या डोळ्यांपुढे येतो. परंतु असे प्रसंग युगात एखाद्याच्याच वाट्यास येतात. आपणां सामान्य जनांची धर्मसंकटे ह्याहून पुष्कळ लहान असतात. ती पाच-दहा मिनिटांत आटोपतात, आणि हे संकट होते असे ध्यानात येण्यापूर्वीच आपण त्यांचा निकाल लावून मोकळे झालेले असतो. अशा लहान संकटांचे आगर कोणास पाहावयाचे असेल तर त्याने ते मुंबईच्या उपनगरी आगगाडीत पाहावे, असे आम्हांस वाटते.

ह्या गाड्यांविषयी लिहावयाचे म्हणजे वेळापत्रक, पासाचे दर आणि नव्या मार्गांचे आराखडे ह्यांविषयी लिहावयाचे, असा सर्वसाधारण समज आहे. ते विषय महत्त्वाचे आहेत आणि वृत्तपत्रांतून त्यांची चर्चा होतच असते. आम्ही येथे जो प्रश्न घेतला आहे तो निराळा आहे. मुंबईचा मनुष्य सोशीक आहे, अशी त्याची ख्याती आहे. तो लोंबकळत जातो, घामाने भिजतो, चेंगरतो, आणि तरीही दुसऱ्या दिवशी त्याच वेळी त्याच फलाटावर हजर असतो. ह्या सोशीकपणाचे देशभर कौतुक होते. हे सोसणे म्हणजे सद्गुण आहे की नुसती सवय? आणि सद्गुण असेल तर त्याची सीमा कोठे? एवढाच आमचा प्रश्न आहे.

प्रथम ही गर्दी कोठून आली ते थोडक्यात पाहिले पाहिजे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून ठाण्यास जी पहिली गाडी सुटली तिच्यात सुमारे चारशे निमंत्रित होते, तिला चौदा डबे होते, आणि तोफांची सलामी घेऊन ती निघाली. १८६७ साली विरार आणि मुंबई ह्यांच्या दरम्यान उपनगरी गाडी सुरू झाली ती दिवसातून एकदा येण्यास व एकदा जाण्यास. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी कुर्ल्यापर्यंत विजेची गाडी धावली. तेव्हापासून शहर गाडीच्या मागे आणि गाडी शहराच्या मागे अशी शर्यत सुरू झाली. मुंबई हे समुद्रात शिरलेले एक अरुंद बेट. कचेऱ्या, पेढ्या आणि न्यायालये त्याच्या दक्षिण टोकाशी, आणि परवडतील अशी घरे उत्तरेस दूरदूर. गिरगाव-दादरची जागा परवडेना म्हणून माणूस डोंबिवलीस गेला, डोंबिवलीही महाग झाली तेव्हा बदलापुरास गेला; तिकडे पश्चिम मार्गावर तो बोरिवलीहून वसईस आणि वसईहून विरारपलीकडे गेला. चर्चगेटपासून विरार साठ किलोमीटर. तेवढे अंतर सकाळी तोडावयाचे आणि सायंकाळी पुन्हा तोडावयाचे. आज ह्या मार्गांवर दिवसाकाठी सत्तर लाखांच्या घरात प्रवास होतात. नऊ डब्यांची जी गाडी सुमारे सतराशे माणसांसाठी म्हणून बांधली तिच्यात गर्दीच्या वेळी साडेचार हजार माणसे असत, आणि एका चौरस मीटरात चौदा ते सोळा उभी राहत, असा हिशोब रेल्वेच्याच जाणकारांनी दिलेला आहे. एका चौरस मीटरात दोन खुर्च्यासुद्धा ऐसपैस मांडता येत नाहीत, एवढे ध्यानात घेतले म्हणजे ह्या आकड्याचा अर्थ उमगेल.

आता अशा ठिकाणी माणसे माणसांसारखी वागतात, हेच मुळी आश्चर्य आहे. तत्त्ववेत्ते म्हणतात की कायद्याचा धाक नाहीसा झाला की मनुष्य पशू होतो. डब्यात शिपाई नसतो, तिकीट तपासनीस गर्दीच्या वेळी आत शिरू शकत नाही, आणि जो तो दमलेला व घाईत असतो. तरीही तेथे एक शासन चालते. त्या शासनाचा पहिला नियम म्हणजे चौथी सीट. दुसऱ्या वर्गाचे बाक तिघांसाठी केलेले आहे. परंतु चौथा मनुष्य येऊन उभा राहिला आणि त्याने नुसती मान हलविली की बसलेले तिघे अंग चोरतात, आणि बाकाच्या टोकाशी वीतभर जागा निघते. त्या वीतभर जागेवर चौथा अर्धा बसतो, अर्धा अधांतरी असतो. ही जागा कोणत्याही नियमावलीत लिहिलेली नाही. ती देणाऱ्यास काही मिळत नाही. उलट त्याच्या सुखाचा तिसरा हिस्सा जातो. आणि मागणारा भिक्षा मागत नाही, आपला हक्क मागतो. दान आणि हक्क ह्या दोन कल्पनांचा असा संगम धर्मशास्त्राच्या ग्रंथांतही सहसा आढळणार नाही.

स्त्रियांच्या डब्यात ह्याहून सूक्ष्म व्यवहार चालतो. आत शिरलेली बाई बसलेलीस विचारते, "कुठे उतरणार?" उत्तर मिळाले की ती जागा तिची झाली, मधल्या स्थानकांवर कितीही जणी चढल्या तरी तो शब्द सहसा मोडत नाही, आणि उतरणारी बाई उठताना जिला शब्द दिला तिलाच हाक मारते. ह्या करारास कागद नाही, साक्षीदार नाही. त्याच डब्यात भाजी निवडली जाते, मुलांच्या परीक्षांची चर्चा होते, नवरात्रात ठरलेल्या रंगांच्या साड्या नेसल्या जातात, आणि एखादी गर्भवती आत आली की तिच्यासाठी न सांगता कोणी उठते. पुरुषांच्या डब्यांत भजनी मंडळे टाळ घेऊन बसतात. दसऱ्यास डब्याला तोरणे बांधून पूजा होते. ज्यांची नावेही एकमेकांस पुरती ठाऊक नाहीत अशी माणसे वीस-वीस वर्षे एकाच डब्यातून जातात, आणि एखादा चार दिवस दिसला नाही तर त्याच्या प्रकृतीची विचारपूस करतात. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि गाड्या जागच्या जागी थांबल्या, तेव्हा रुळांच्या कडेच्या वस्त्यांतील लोकांनी अनोळखी प्रवाशांस चहा-बिस्किटे दिली. ११ जुलै २००६ रोजी पश्चिम मार्गावर अकरा मिनिटांत सात स्फोट झाले आणि १८० हून अधिक माणसे मेली, तेव्हा त्याच वस्त्यांतील लोकांनी घरच्या चादरींची झोळी करून जखमींस उचलून नेले. हे सर्व खरे आहे, आणि ह्याचा अभिमान वाटणे योग्यच आहे.

परंतु ह्या धर्माची एक मर्यादा आहे, आणि ती डब्याच्या दारात उभे राहिल्यावाचून दिसत नाही. फलाटावरचा मनुष्य गाडी आली की ओरडतो, "अहो, पुढे सरका, आत पुष्कळ जागा आहे!" तो धडपडत आत शिरतो. पुढचे स्थानक येते. तेथील फलाटावर तसाच दुसरा एक उभा असतो. आता आपला मनुष्य काय म्हणतो? "जागा कुठे आहे? मागून दुसरी गाडी येते आहे!" तीन मिनिटांपूर्वी जो न्याय मागत होता तोच आता न्यायाधीश झाला, आणि मागील निकाल त्याने फिरविला. तो खोटे बोलत नाही. दोन्ही वेळा त्यास तसेच दिसले. बदलली ती केवळ उभे राहण्याची जागा. आपल्या नीतिविषयक मतांपैकी किती मते विचाराने बनलेली असतात आणि किती नुसती उभे राहण्याच्या जागेने, ह्याचा इतका स्वच्छ दाखला दुसरीकडे मिळणे कठीण.

हाच दोष पुढे संघटित होतो. ज्या मंडळींत चौथ्या जागेचा धर्म कसोशीने पाळला जातो तीच मंडळी कधी आपल्या मित्रांसाठी रुमाल टाकून जागा अडवितात. विरारच्या गाडीत बोरिवलीचा मनुष्य चढला तर त्यास बोरिवलीस उतरू द्यावयाचे नाही, असाही एक दंडक काही टोळ्यांनी चालविल्याच्या तक्रारी पुष्कळ वर्षे होत आल्या आहेत. त्यांचे म्हणणे अगदीच निराधार नाही. ज्यास साठ किलोमीटर जावयाचे आहे त्यास ती एकच गाडी. ज्यास निम्म्या वाटेवर उतरावयाचे आहे त्यास दुसऱ्या गाड्या आहेत. मग त्याने आमची का अडवावी? गरजेप्रमाणे वाटणी, हे न्यायाचे एक मान्य तत्त्व आहे. परंतु ते तत्त्व हाती घेऊन चार जण दार अडवून उभे राहिले की तत्त्व जाते आणि दांडगाई उरते. ह्यावरून असे दिसते की, डब्यातील धर्म हा आतल्यांचा आतल्यांशी आहे. जो आत आला तो आपला. जो बाहेर राहिला त्याच्याशी आपले नाते अजून जडावयाचे आहे. जुन्या गावकीची ही रीत शहराने मोडली असे आपण समजतो. वस्तुतः तिला आता चाके लागली आहेत, एवढेच.

येथवर आम्ही ज्या गैरसोयी सांगितल्या त्या गमतीने सांगण्यासारख्या आहेत. ह्यापुढील गोष्ट तशी नाही. मुंबईच्या उपनगरी मार्गांवर २०२३ ह्या एका वर्षात २,५९० माणसे मृत्यू पावली. म्हणजे दिवसास सात. कोणी रूळ ओलांडताना गेली, कोणी दारातून पडली, कोणी खांबावर आपटली. एखाद्या वर्षी आकडा थोडा खाली येतो. परंतु हजारांच्या हिशोबातून तो सुटलेला नाही. एखाद्या नगरात रोज सात माणसे वाघाने नेली असती तर त्या नगराने दुसरे काही सुचू दिले नसते. येथे मात्र गाडी मध्येच थांबते, कोणी तरी सांगते की पुढे कोणी गाडीखाली आले, आणि डब्यात पहिला प्रश्न उठतो तो "कोण?" असा नव्हे, "किती वेळ लागेल?" असा. मनगटांवरील घड्याळे पाहिली जातात, घरी किंवा कचेरीत निरोप जातात, आणि दहा-पंधरा मिनिटांनी गाडी हलली की सुटकेचा निःश्वास पडतो. हे लोक निर्दय आहेत काय? मुळीच नाहीत. ह्यांतीलच एखादा, शेजारच्यास भोवळ आली तर त्यास पाणी देईल, आपली जागा देईल, प्रसंगी त्यास रुग्णालयात पोहोचविण्यासाठी आपले स्थानक सोडून उतरेल. मग रुळावरच्या मनुष्याविषयी त्याचे मन असे का मिटले?

ह्याचे उत्तर शोधण्यास आपल्या जुन्या शास्त्रकारांची मदत होण्यासारखी आहे. वेदान्तात साधकाच्या सहा संपत्ती सांगितल्या आहेत, त्यांत तितिक्षा ही एक आहे. श्रीमच्छंकराचार्यांच्या नावावर प्रसिद्ध असलेल्या विवेकचूडामणीत तिचे लक्षण दिले आहे त्याचा आशय असा की, आलेले दुःख प्रतिकार न करता, त्याची चिंता न करता, विलाप न करता सोसणे म्हणजे तितिक्षा. मुंबईकराचा सोशीकपणा वरवर पाहता ह्या लक्षणात चपखल बसतो. तो प्रतिकार करीत नाही, विलाप करीत नाही, चिंता करण्यास त्यास वेळ नसतो. परंतु साधकाची तितिक्षा ही त्याच्या स्वतःच्या दुःखापुरती आहे, ही गोष्ट आपण विसरतो. थंडी-ऊन मी सोसावे, भूक-तहान मी सोसावी, मानापमान मी सोसावा. दुसऱ्याचे दुःख 'सोसण्याची' आज्ञा कोणत्याही शास्त्राने केलेली नाही; कारण दुसऱ्याचे दुःख सोसणे ह्या शब्दसमूहास अर्थच नाही. माझा शेजारी बुडतो आहे आणि मी ते शांतपणे सोसतो आहे, असे कोणी म्हणाले तर आपण त्यास संत म्हणणार नाही.

पतंजलींनी तर हा विभाग फारच स्पष्ट करून ठेवला आहे. सुखी माणसाविषयी मैत्री, दुःखिताविषयी करुणा, पुण्यवंताविषयी मुदिता आणि दुष्टाविषयी उपेक्षा, अशा चार भावना चार ठिकाणी योजल्या असता चित्त प्रसन्न राहते, असे त्यांचे म्हणणे. उपेक्षेस त्यांनी स्थान दिले आहे. पण ते दुर्जनाच्या बाबतीत, दुःखिताच्या बाबतीत नव्हे. आमच्या मते शहरात जे घडले आहे ते असे: स्वतःचे दुःख सोसता सोसता आपल्या मनास जो घट्टा पडला, त्यास आपण तितिक्षा समजलो, आणि करुणेच्या जागी आपण न कळत उपेक्षा नेऊन बसविली. बाहेरून दोहोंचे रूप सारखेच दिसते. तितिक्षावानही गप्प बसतो आणि उपेक्षा करणाराही गप्प बसतो. फरक इतकाच की पहिला आपले सुख सोडून गप्प असतो, दुसरा आपले सुख सांभाळून.

ही अदलाबदल आणखी एका कारणाने घातक ठरते. ज्यांच्याकडे कारभार असतो त्यांस लोकांच्या सोशीकपणाची स्तुती फार सोयीची पडते. मोठा अपघात झाला की दुसऱ्या दिवशी शहराच्या धैर्याचे गोडवे गाइले जातात. शहर थांबले नाही, ह्याचे कौतुक होते. परंतु पोट हातावर असलेला मनुष्य थांबणार तरी कसा? जे निरुपायाने केले त्यास धैर्य म्हणणे हा करणाऱ्याचा सन्मान नव्हे, करविणाऱ्याची सुटका आहे. २९ सप्टेंबर २०१७ रोजी सकाळी पावसात एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या अरुंद पादचारी पुलावर चेंगराचेंगरी होऊन तेवीस माणसे मेली. गिरण्या जाऊन त्या भागात कचेऱ्यांच्या इमारती उठल्या, रोजची वर्दळ अनेकपट झाली, आणि पूल मात्र तोच राहिला होता. तो अपुरा आहे हे रोज तेथून जाणाऱ्या प्रत्येकास ठाऊक होते. अपघातानंतर नवा पूल उभारण्याचे काम लष्कराकडे दिले गेले, आणि २७ फेब्रुवारी २०१८ रोजी तो लोकांसाठी खुला झाला. म्हणजे पाच महिने पुरले. जे काम पाच महिन्यांत होण्याजोगे होते ते त्यापूर्वी वर्षानुवर्षे झाले नाही. कारण लोक सोशीत होते. त्या पुलावरून जाणाऱ्यांची तितिक्षा थोडी कमी असती तर ती तेवीस माणसे कदाचित वाचली असती, असे म्हणणे कठोर आहे, तथापि अन्यायाचे नाही.

येथे कोणी असा आक्षेप घेईल की, मरणाऱ्यांपैकी पुष्कळांनी नियम मोडलेला असतो. पूल असता रूळ का ओलांडावे, आत जागा असता दारात का लोंबकळावे? हा आक्षेप विचारात घेण्यासारखा आहे. रूळ ओलांडणे हा रेल्वे अधिनियम, १९८९ ह्याच्या कलम १४७ प्रमाणे गुन्हा आहे, आणि तरुणांची दारातील हुल्लड आम्हीही पाहतो. परंतु दोष आणि दुःख ह्या दोन गोष्टी निरनिराळ्या आहेत. आपल्या चुकीने पडलेल्या मनुष्याचे हाड कमी मोडत नाही. आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही हाच विवेक केला आहे. गाडीतून पडून मेलेल्या प्रवाशाच्या कुटुंबास भरपाई देण्याची तरतूद ह्याच अधिनियमाच्या कलम १२४-अ मध्ये आहे. त्या मनुष्याने निष्काळजीपणा केला होता एवढ्याच सबबीवर ती नाकारता यावयाची नाही, असे न्यायालयाने २००८ आणि २०१८ सालच्या निकालांत स्पष्ट केले. १ जानेवारी २०१७ पासून मृत्यूबद्दल ही रक्कम आठ लाख रुपये आहे. रूळ ओलांडताना गेलेल्यास मात्र हे कलम लागू होत नाही. आणि रूळ कोण ओलांडतो? ज्याची वस्ती एका अंगास आणि पाण्याचा नळ, शाळा किंवा काम दुसऱ्या अंगास, तो. डोक्यावर ओझे घेऊन जिला पुलाचे साठ-सत्तर जिने चढावे-उतरावे लागतात, ती. कायद्याच्या दृष्टीने तो अपराधी असेल. परंतु अपराध घडण्याची वाट कोणी बांधून ठेवली, हा प्रश्न त्याच्या मरणाने मिटत नाही.

दुसरा आक्षेप निराशेचा आहे. लोक म्हणतात, गर्दी ही नशिबी आलेली गोष्ट. ओरडून काय होणार? ह्यास इतिहासाचे उत्तर आहे. १९१७ साली महात्मा गांधींनी मुंबईहून मद्रासेस तिसऱ्या वर्गातून केलेल्या प्रवासाविषयी वृत्तपत्रांस पत्र लिहिले. बावीस माणसांच्या डब्यात पस्तिसांहून अधिक कोंबली होती, हे त्यांनी मोजून सांगितले. घाणीविषयी लिहिताना त्यांनी रेल्वेस जसे सोडले नाही तसे प्रवाशांच्या सवयींसही सोडले नाही. गांधींस सोसता येत नव्हते असे कोण म्हणेल? ज्याने तुरुंग आणि उपवास सोसले त्यास एका रात्रीची गर्दी जड नव्हती. परंतु आपण सोसू शकतो म्हणून दुसऱ्यांवर ते लादणे योग्य ठरत नाही, हे त्यांनी ओळखले. सोसावयाचे स्वतः आणि बोलावयाचे दुसऱ्यासाठी, हीच खऱ्या तितिक्षेची खूण होय. १९७४ साली रेल्वेने तिसरा वर्ग बंद केला. पाटी बदलली, कोंबणे राहिले. जून २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ह्या मृत्यूंविषयीच्या याचिकेवर बोलताना, माणसांस गुरांप्रमाणे नेले जाते ह्याची लाज वाटते, अशा अर्थाचे उद्गार काढले. त्यास वर्ष होते न होते तोच, ९ जून २०२५ रोजी सकाळी मुंब्र्याजवळ एकमेकींजवळून जाणाऱ्या दोन गाड्यांच्या दारांत लोंबकळणारी माणसे खाली पडली आणि निदान चार जण प्राणास मुकले. त्यानंतर दारे आपोआप मिटतील आणि हवाही खेळती राहील असे साधे डबे बांधण्याचे रेल्वेने जाहीर केले. म्हणजे उपाय नाहीत हे खरे नव्हे.

आता आम्ही ह्या विषयाच्या सर्वांत अवघड भागाकडे येतो. दारे मिटावीत असे आपण सर्व म्हणतो. वातानुकूलित गाडीची दारे २५ डिसेंबर २०१७ पासून मिटतच आहेत. परंतु साध्या गाडीचे दार मिटले म्हणजे दारात लोंबकळणारी दहा-पंधरा माणसे फलाटावर राहणार, आणि त्यांत एखाद्या दिवशी आपण असणार. त्या दिवशी कचेरीच्या हजेरीपुस्तकात आपल्या नावापुढे तांबडी रेघ पडणार. दारातील मनुष्य हौसेने तेथे उभा नसतो. त्यास दहा वाजता कोठे तरी सही करावयाची असते, आणि ती सही ज्याच्यापुढे करावयाची तो बहुधा हा लेख वाचणाऱ्या वर्गातील असतो. आपल्या घरी धुणीभांडी करावयास येणारी बाई पंधरा मिनिटे उशिरा आली तर आपल्या कपाळास आठी पडते. आपल्या हाताखालचा कारकून "गाडी चुकली" म्हणाला की आपण हसतो. ही सबब आपण शंभरदा ऐकलेली असते. त्या आठीपासून आणि त्या हसण्यापासून गाडीच्या दारातील दांड्यापर्यंत एक सरळ रेषा जाते, हे आपल्या ध्यानात येत नाही. कचेऱ्यांच्या वेळा मागेपुढे कराव्यात ही सूचना जुनीच आहे. मध्य रेल्वेने २०२३ साली आपल्या मुंबईतील कचेरीत तसा प्रयोगही केला. इतर मालकांनी, सरकारी आणि खाजगी, तो का उचलू नये? त्यास नवा रूळ टाकावा लागत नाही, पूल बांधावा लागत नाही. दहाच्या जागी साडेअकरा लिहावयाचे असतात.

करुणा ही फुकट मिळणारी वस्तू नव्हे. चौथ्या जागेची किंमत बसलेल्या तिघांना मोजावी लागते, म्हणूनच ती जागा खरी आहे. बाकावर आपण जे रोज करतो तेच शहराच्या कारभारात करावयाचे आहे. नोकरीच्या वेळेत थोडे सरकावयाचे, कराच्या आणि भाड्याच्या हिशोबात थोडे सरकावयाचे, घरे आणि कचेऱ्या कोठे असाव्यात ह्या धोरणात थोडे सरकावयाचे, आणि मुख्यतः आपल्या मनात, जो मनुष्य आपणांस दिसत नाही त्याच्यासाठी थोडे सरकावयाचे. हे सरकणे अवघड आहे, कारण तेथे कोणी समोर उभे राहून मान हलवीत नाही. डोळ्यांपुढील चौथा आपण कधी नाकारीत नाही. डोळ्यांआडच्या चौथ्याची आपणांस आठवणच होत नाही.

आम्ही मुंबईच्या माणसांस दोष देण्यासाठी हे लिहिले नाही. ज्या लोकांनी इतक्या अडचणीत इतकी माणुसकी टिकविली त्यांस नीतीचे धडे देण्याचा अधिकार कोणास असेल असे वाटत नाही. आमचे म्हणणे एवढेच की त्यांच्या ठिकाणी जो गुण आहे तो त्यांनी अर्ध्यावर थांबवू नये. स्वतःची गैरसोय हसत सोसावी. परंतु गाडी मध्येच थांबून पुढे कोणी गेल्याचे कळले की घड्याळ पाहण्यापूर्वी एक क्षण तरी त्या मनुष्याच्या घरी दुपारी येणाऱ्या निरोपाचा विचार करावा. त्या क्षणाने मेलेला परत येणार नाही हे आम्हांस ठाऊक आहे. परंतु सत्तर लाख प्रवासांत मिळून असे क्षण साचू लागले तर आज निरुपाय म्हणून सोडून दिलेल्या पुष्कळ गोष्टींस उपाय सापडतील. कारण लोकांस जे असह्य होते त्याचीच तजवीज राज्यकर्ते करतात, आणि लोक जे सोशीत राहतात ते तसेच चालू राहते.